सर्वेअर येण्याआधी धुतलेलं घर

सुरतेत पांडेसऱ्यातून भेस्तानकडे जाताना खाडीच्या अलीकडे आमची सोसायटी आहे. समोरासमोर दोन रांगा, मध्ये गल्ली, आणि प्रत्येक घराची एक भिंत शेजाऱ्याशी सामाईक. आमचं घर रांगेत शेवटून दुसरं. शेवटचं भिवाकाकांचं. भिवाकाका रेल्वेत गँगमन, भुसावळकडचे. आम्ही अमळनेरकडचे. गावाकडे असतो तर एकमेकांचं तोंडही पाहिलं नसतं, पण सुरतेत आमची दोन घरं एका घरासारखी वागायची. सोनाबाईकाकूंनी भाजी केली की वाटी आमच्याकडे यायची, मायने कळण्याच्या भाकरी केल्या की दोन तिकडे जायच्या.

माझे वडील, उखा आप्पा, एका डाइंग मिलमध्ये होते. माझी माय, सरलाबाई, घरी बसून साड्यांना लेस लावायची. लग्न होऊन सुरतेत आल्यापासून ती भाड्याच्या खोल्यांतच राहिली होती. चौऱ्याण्णवला शहरात प्लेगची साथ आली तेव्हा लोक मिळेल त्या गाडीने पळाले. आम्हीही पळालो. दोन पिशव्या, स्टोव्ह आणि मी. गावी राहून परत आलो, तर आमच्या खोलीत दुसरंच कुटुंब राहत होतं आणि आमची भांडी बाहेर रचून ठेवलेली होती. मायने ती भांडी उचलली. पुढच्याच वर्षी गळ्यातलं, कानातलं काढून तिने आप्पांसमोर ठेवलं आणि म्हणाली, "घर घ्या."

घर बँकेच्या कर्जावर घेतलं, दोघांच्या नावावर. बँकेची अट होती की घराचा विमा हवा, आगीचा आणि पुराचाही. पहिल्या वर्षाचा हप्ता बँकेनेच कापून घेतला. दुसऱ्या वर्षी कोणी विचारलं नाही, म्हणून आप्पा म्हणाले, "राहू दे आता. आग लागायला घरात आहे काय?"

"मी भरीन," माय म्हणाली.

"कशापायी?"

"घर आपलं आहे म्हणून."

आणि तिने खरंच भरला, लेस लावून आलेल्या पैशातून. आमच्याच भागातले भटूमामा लूम दुरुस्त करायचे आणि जोडीला विम्याचं काम पाहायचे, ते येऊन हप्ता घेऊन जायचे. गल्लीत हा हसण्याचा विषय झाला होता. माणसाचा विमा लोकांना माहीत होता. भिवाकाका तर एकदा ओट्यावर बसून म्हणाले, "वहिनी, तुमची भिंत मेली तर तिच्या बायकापोरांना पैसे मिळणार का हो?" सगळे हसले. मायही हसली. पण पुढच्या वर्षी भटूमामा आले तेव्हा तिने पैसे तयार ठेवले होते.

अठ्ठ्याण्णवच्या सप्टेंबरात पूर आला. उकाईचं पाणी सोडलं, तापी शहरात शिरली, असं रेडिओवर सांगत होते, आणि आम्ही निवांत होतो, कारण नदी आमच्यापासून लांब. नदीकडे पाहता पाहता खाडी मागच्या बाजूने कधी आली ते कळलंच नाही. सकाळची वेळ होती. आप्पा पहिल्या पाळीला गेलेले. माय भाकरी थापत होती आणि मी कॉलेजला जायला निघाले होते. मोरीतून पाणी उलटं वर आलं. आधी दोघींनी ते बोळ्याने अडवायचा प्रयत्न केला. मग दाराखालून आलं. मायने तवा उतरवला, गॅस बंद केला, आणि मला म्हणाली, "नूतन, वर चल."

गच्चीवर आम्ही, भिवाकाकांच्या घरचे आणि समोरचे बरेचजण. पाऊस पडत होता, त्यामुळे कोणी कोणाला काही विचारत नव्हतं. दुपारी खालून मोठा आवाज आला, पोतं आपटावं तसा, आणि मागच्या अंगाला पाण्यात विटा कोसळताना दिसल्या. आमच्या स्वयंपाकघराची मागची भिंत गेली होती. मायने माझा हात धरला. "पडली," एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर आम्ही खाली उतरलो. पोटऱ्यांपर्यंत काळा चिखल. स्वयंपाकघरात एक निळा ड्रम येऊन बसला होता, कोणाचा ते आजवर कळलं नाही. धान्याची कोठी आडवी झाली होती आणि गहू फुगून बाहेर आले होते. मायचं पिको-फॉलचं मशीन चिखलात तोंड खाली करून पडलं होतं. मिलांच्या सांडपाण्याने आमच्या खाडीचं पाणी नेहमीच रंगीत. त्या पाण्याने चारही भिंतींवर खिडकीच्या वर एक जांभळी रेघ ओढून ठेवली होती, जणू कोणी दोरी धरून मारली असावी.

आप्पा पाण्यातून चालत त्याच संध्याकाळी घरी पोचले. आम्ही दोघी दिसल्यावर ते उंबऱ्यातच बसले आणि रडले. मायने त्यांना रडू दिलं.

दोन दिवसांत गल्ली रिकामी व्हायला लागली. पूर गेला की रोगराई येते, मागच्या वेळचं सगळ्यांना आठवत होतं. सोनाबाईकाकूंना ताप भरला. भिवाकाकांनी रजा काढली, घर होतं तसं टाकलं, दाराला कुलूप लावलं आणि काकूंना घेऊन भुसावळला गेले. आप्पाही म्हणाले, "आपणही जाऊन येऊ. महिन्याने परतू."

घरात आम्ही अहिराणी बोलतो. माय त्या दिवशी जे बोलली ते मला जसंच्या तसं आठवतं. "आते कोठे जानं नही. हाई घर आपलं शे." आता कुठे जायचं नाही, हे घर आपलं आहे.

आप्पांनी पुन्हा विषय काढला नाही.

तेवढ्यात भटूमामा आले. चपला हातात, पँट गुडघ्यापर्यंत. पडलेली भिंत बघून ते जवळजवळ खूशच झाले. "सरलाताई, गल्लीत तुमचा एकटीचाच विमा आहे. आता एक ऐका. काहीही हलवू नका. चिखल, विटा, गहू, सगळं असंच राहू द्या. कंपनीचा सर्वेअर येऊन बघेल, मग क्लेम पास होईल."

"कधी येईल?"

"सगळं शहर बुडालंय. येईल आठ-पंधरा दिवसांत."

आम्ही गच्चीवर ताडपत्री बांधून राहिलो. एक दिवस गेला, दोन गेले. ऊन पडलं तसा चिखल सडू लागला. वास वर येत होता, आणि जेवताना माश्या ताटापेक्षा तोंडावर जास्त बसत होत्या. महापालिकेची माणसं पांढरी पावडर मारून गेली. माय मधूनच जिन्याच्या शेवटच्या पायरीवर जाऊन उभी राहायची आणि घराकडे बघायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती पदर खोचून खाली उतरली. हातात फावडं.

"सरला, क्लेम जाईल," आप्पा जिन्यातून म्हणाले.

"जाऊ द्या."

"तीन वर्षं हप्ते भरलेस तू. स्वतः भरलेस."

तिने फावडं टेकवलं. "भरले ते घर वाचावं म्हणून. ते असं सडत ठेवून कोणाला दाखवू? उद्या साहेब येईल आणि म्हणेल, ही बाई चिखलात राहते. माले हाई जमाव नही." मला हे जमणार नाही.

आप्पांनी तिच्याकडे पाहिलं, मग चिखलाकडे. मग खाली उतरून दुसरं फावडं घेतलं.

चिखल काढून आम्ही तो मागच्या मोकळ्या प्लॉटवर टाकत गेलो. समोरच्या रुक्मिणीमावशी आणि मालतीबाई गावाला गेल्या नव्हत्या. एकींची सून दिवस भरत आलेली, दुसरींना जायला गावच उरलं नव्हतं. त्या आपापलं घर काढता काढता आमच्याकडे यायच्या आणि आम्ही त्यांच्याकडे. नळाला पाणी आलं की पाच घरांच्या बादल्या एका घरात ओतायच्या, मग दुसऱ्या. मायने फरशी नारळाच्या काथ्याने घासली, फटीतला गाळ चमच्याने काढला. भिंतींना चुना मारला तर दुसऱ्या दिवशी जांभळी रेघ पुन्हा वर आली. तिने पुन्हा मारला. तिसऱ्या हाताला रेघ दबली.

राहिली मागची भिंत. गवंडी मिळेना. आमच्याकडे गवंड्याला कडिया म्हणतात. सगळे कडिये नदीकाठच्या मोठ्या बंगल्यांत गुंतले होते. एकजण म्हणाला, दिवाळीनंतर बघू. भिंतीच्या जागी पोती टांगलेली, आणि कुत्री थेट शेगडीपर्यंत येत होती. माय लग्नाआधी गावाकडे बांधकामावर माल कालवायला जायची. भिंत तिने कधी बांधली नव्हती, बांधताना पाहिली मात्र खूप होती.

"बघून येतं होय?" मालतीबाईंनी विचारलं.

"नाही आलं तर पाडू," माय म्हणाली.

पडलेल्या विटा आम्ही पाण्यात भिजवून, जुना माल ठोकून काढून साफ केल्या. फुटक्या विटांचा वेगळा ढीग केला. आप्पांनी सायकलवरून सिमेंट आणलं. रुक्मिणीमावशी माल कालवायच्या, मालतीबाई विटा द्यायच्या, आणि माय थापी घेऊन भिंतीसमोर उकिडवी बसायची. पहिले दोन थर पुन्हा पुन्हा काढावे लागले. मालतीबाई वैतागल्या, रुक्मिणीमावशींना हसू आवरेना. मग हळूहळू हात बसला. भिंत कमरेपर्यंत आली तेव्हा माय दर थोड्या वेळाने मागे सरकून तिच्याकडे बघायची, डोकं एका बाजूला कलवून, माझ्या परकराची घडी जमली का बघायची तसं. चौथ्या दिवशी वरचा थर स्लॅबला टेकला. तिघींच्या हातांना सिमेंटने भेगा पडल्या होत्या. संध्याकाळी त्या भिंतीच्या आतल्या बाजूला बसून आम्ही सगळ्यांनी पिठलं-भाकरी खाल्ली. मालतीबाई मध्येच भिंतीवर हात मारून बघत होत्या.

भटूमामा पुन्हा आले ते दारातच थबकले. "ताई, हे काय केलंत?"

"घर केलं," माय म्हणाली.

भटूमामा डोक्याला हात लावून बसले. सर्वेअर उद्या येणार होता. थोड्या वेळाने ते आप्पांना बाजूला घेऊन म्हणाले, "अजून वेळ गेलेली नाही. मागच्या प्लॉटवर चिखल आहेच. चार घमेली आत टाका. भिंतीच्या वरच्या विटा अजून कच्च्या असतील, त्या पाडा. फोटोपुरतं. लोक करतात तसं."

मी ऐकत होते. आप्पांना मोह झाला, त्यांचीही चूक नव्हती. त्या महिन्यात मिल बंद होती. ते आत आले आणि भिंतीकडे बघत मायला म्हणाले, "भटू म्हणतो ते…"

"मी ऐकलं."

"मग?"

"तुम्हाला पाडायची तर पाडा. मी बाहेर जाऊन बसते. मला बघवायचं नाही."

ती खरोखर उठून ओट्यावर जाऊन बसली. आप्पा स्वयंपाकघरात एकटेच उभे राहिले. मग त्यांनी चुन्याची बादली घेतली आणि नव्या भिंतीला आतून पहिला हात मारायला सुरुवात केली. भटूमामा "तुमची मर्जी" म्हणून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला भटूमामांबरोबर सर्वेअर आले. ठाकोरभाई नाव. साठीच्या आसपासचे, बारीक, खाकी पिशवीत फायली, बुटांऐवजी रबरी चपला. पायाला पोटरीपर्यंत वाळलेला चिखल. दारात त्यांनी आत पाहिलं आणि पाय आत न टाकता मागे घेतला. मायने बादली आणि तांब्या पुढे केला. ते पाय धुऊन आत आले, खुर्चीवर बसले आणि चौफेर बघत राहिले. चुन्याच्या पांढऱ्या भिंती, घासलेली फरशी, मांडणीवर उजळ भांडी.

"हे तेच घर ना?" त्यांनी भटूमामांना विचारलं. भटूमामा खाली बघत होते.

ठाकोरभाई गुजरातीत बोलत होते. माय अर्धं समजायची, उरलेलं मी सांगायचे. पण त्यांचा पहिला प्रश्न तिला माझ्याशिवाय समजला.

"बेन, आटलुं बधुं साफ केम कर्युं?" एवढं सगळं साफ का केलंत?

"रहेवा माटे," माय म्हणाली. राहण्यासाठी.

ठाकोरभाई म्हणाले, "सकाळपासून तीन घरं पाहिली. तिन्ही घरांत चिखल ओला होता. बाहेर रस्त्यावरचा वाळून भेगाळलाय, आणि घरातला मात्र आज सकाळचा. मला काय कळत नाही?" भटूमामांची मान आणखी खाली गेली. "पण तुमच्या घरात तर काहीच नाही. मी लिहू काय? पाणी कुठपर्यंत आलं होतं?"

मायने खिडकीच्या वर हात धरला.

"हाताने दाखवून चालत नाही, बेन."

"मग चला," असं म्हणून ती त्यांना मागे घेऊन गेली. नवी भिंत बाहेरून उघडीच होती, विटा आणि सांधे दिसत होते. ठाकोरभाईंनी चष्मा वर केला. पिशवीतून दोरी काढून भिंतीला लावली. भिंत मधोमध पोट काढून उभी होती. आम्हाला ते तोवर जाणवलं नव्हतं, पण दोरी लावल्यावर स्पष्ट दिसलं.

"आ दीवाल कोणे बांधी?"

माझ्याकडे न बघता माय म्हणाली, "मेंज बांधी, साहेब." मीच बांधली.

मला त्या वेळी लाज वाटेल असं वाटलं होतं. भिंत वाकडी, वर परक्या माणसाने दोरी लावून दाखवलेली. पण तिच्या तोंडून ते शब्द ऐकले आणि माझीच मान ताठ झाली. तिच्या आवाजात घाबरलेपण नव्हतं, सारवासारवही नव्हती. एखादा कारखानदार आपल्या कारखान्याकडे बोट दाखवून सांगतो तसं तिने सांगितलं.

ठाकोरभाई हसले. आल्यापासून पहिल्यांदाच. "खरं बोलताय. अशी भिंत कुठल्या कडियाने पैसे घेऊन बांधली असती तर मी त्याला पोलिसात दिलं असतं."

मी ते मायला सांगितलं. ती म्हणाली, "सांग त्यांना, वाकडी असेल, पडायची नाही."

त्यांनी तळहाताने भिंत जोरात दाबून पाहिली. मग फुटक्या विटांचा ढीग पाहिला, प्लॉटवरच्या चिखलाचा डोंगर पाहिला, जुन्या भिंतीचा पाया जिथे तुटला होता तिथे वाकून बोट फिरवलं. "भिंत गेली हे दिसतंय," ते म्हणाले. "पण कुठपर्यंतचं पाणी, किती दिवस राहिलं, आतल्या फरशीला आणि दारांना काय झालं, याला मला काहीतरी दिसायला हवं. तुमच्या शब्दावर माझा विश्वास आहे. कंपनी माझ्या विश्वासावर पैसे देत नाही."

परत पुढे येताना ते भिवाकाकांच्या घराशी थांबले. दाराला कुलूप, खिडकीची एक काच पुरात फुटलेली. "हे कोणाचं?"

मी सांगितलं. पूर ओसरला त्याच आठवड्यात गेलेत, तेव्हापासून बंद आहे.

"दोन्ही घरांचं जोतं एकच?"

"एकच. एकाच माणसाने बांधलीयेत सगळी."

त्यांनी टॉर्च काढली, फुटक्या काचेतून आत धरली आणि कोपरा न कोपरा पाहिला. मग मला बोलावलं. मी डोकावले. आत चिखल वाळून ताटाएवढ्या पापुद्र्यांत तडकला होता. काकूंची खाट तरंगत जाऊन शेगडीवर चढून बसली होती. दाराचं लाकूड फुगून पोपडे सुटले होते, आणि चारही भिंतींवर, खिडकीच्या वर, ती जांभळी रेघ. मायने हात धरला होता तेवढ्याच उंचीवर. काकू गेल्यावर त्यांचं घर बघायची माझी हिंमत झाली नव्हती. आमचं घर कशातून बाहेर आलं हे मला त्या खिडकीतून कळलं.

ठाकोरभाईंनी टेपने बाहेरून उंची घेतली, फोटो काढले, मग आमच्या घरात येऊन पुन्हा एकेक दार, एकेक चौकट हाताने तपासली. दाराच्या खालच्या फळ्या फुगलेल्या होत्याच, आम्हाला त्या बदलता आल्या नव्हत्या. फरशी चालताना तीन ठिकाणी पोकळ वाजली. ते लिहीत राहिले.

मग माय म्हणाली, "गहू गेले, गाद्या गेल्या, माझं मशीन गेलं."

त्यांनी पेन थांबवलं. पॉलिसी पुन्हा वाचली. "बेन, हा विमा बांधकामाचा आहे. सामानाचा वेगळा घ्यावा लागतो."

मी सांगितल्यावर माय खाली बसली. तिचं मशीन तिने लेस लावून लावून घेतलं होतं. "पण मी तर घराचा विमा म्हणून पैसे भरले," ती म्हणाली.

"तुम्ही घर म्हणालात, कंपनीने भिंती ऐकल्या," ठाकोरभाई म्हणाले. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. "कोणी समजावून सांगायला हवं होतं." भटूमामा हळूच म्हणाले की त्यांनाही एवढं नीट ठाऊक नव्हतं. मला वाटतं, ते खरं बोलले.

मग माय उठली आणि चहा ठेवला.

चहा पिताना ठाकोरभाई म्हणाले, "किती दिवसांनी कोरड्या खुर्चीवर बसलोय." त्यांचं स्वतःचं घर रांदेरला होतं, पाणी पहिल्या मजल्याला लागलेलं. बायको मुलीकडे बडोद्याला गेली होती. "माझ्या घरातला गाळ मी अजून काढलेला नाही. लोकांचा बघत फिरतोय."

मायने मला सांगायला सांगितलं, "म्हणावं, आज जाऊन एक खोली तरी धुवा. बसायला जागा झाली की माणसाला पुढचं सुचतं."

ते मान हलवून ऐकत राहिले. निघताना वहीवर पेन ठेवून त्यांनी विचारलं, "भिंतीची मजुरी किती दिली?"

"काही नाही. आम्हीच बांधली."

"मजूर कोण कोण होतं?"

मायने तीन नावं सांगितली. त्यांनी लिहून घेतली. "फुकट केलेलं काम फुकट नसतं," ते म्हणाले. "मी कडियाच्या दराने धरतो. मान्य करायचं की नाही ते कंपनीच्या हातात."

कंपनीने सगळं मान्य केलं नाही. फरशीचं कमी धरलं, एका दाराचं दिलंच नाही. पण भिंतीचं मजुरीसकट दिलं. चेक दिवाळीनंतर आला, दोघांच्या नावाचा. आप्पांनी तो मिलमध्ये नेऊन मित्रांना दाखवला, आणि प्रत्येकाला भिंतीची गोष्ट सांगितली. घरी मायसमोर ते तिचं कौतुक कधी करत नसत. पण मिलमधले लोक रस्त्यात भेटले की तिला "ती भिंत बांधणारी वहिनी" म्हणू लागले. तिकडे ते काय सांगत होते ते यावरून आम्हाला कळलं.

पैसे बँकेतून काढल्यावर मायने आधी मजुरीचे तीन वाटे केले. रुक्मिणीमावशी घेईनात. "शेजारधर्माचे कसले पैसे?"

"शेजारधर्म चिखल काढण्याचा. भिंत ही मजुरी आहे," माय म्हणाली, आणि पैसे त्यांच्या पदरात बांधले. मालतीबाईंनी मात्र लगेच घेतले आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावाचं पासबुक काढलं.

सोनाबाईकाकू दिवाळीच्या आधी परतल्या होत्या, ताप उतरून अर्ध्या झालेल्या. भिवाकाकांनी कुलूप काढलं, दार ढकललं, ते चिखलात अडकलं. जोर लावून उघडल्यावर काकूंनी आत पाहिलं आणि ओट्यावरच बसून पदर तोंडाला लावला. गल्लीत कोणी हाक मारली नव्हती, तरी बायका बादल्या घेऊन आल्या. मायने काकूंना आत येऊच दिलं नाही. "तू बस. तू आजारी आहेस." मग काम करता करता तिने सांगितलं, "सोना, तुझ्या घराने माझ्यासाठी साक्ष दिली, बरं का. त्या साहेबाने तुझ्या खिडकीतून माझं घर पाहिलं."

काकूंना आधी कळलं नाही. कळल्यावर त्या रडता रडता हसल्या. त्यांच्या स्वयंपाकाचा ओटा कोसळला होता. तो मायने बांधून दिला, आणि या वेळी तिने दोरी लावूनच बांधला. भिवाकाका विटा देत होते. मध्येच थांबून ते म्हणाले, "वहिनी, तो विमा कुठे मिळतो, आम्हाला पण सांगा." आणि कोणीही त्यांना चिडवलं नाही.

त्यानंतर आजूबाजूच्या गल्ल्यांतून मायला बोलावणी येऊ लागली. कोणाची मोरी, कोणाचा ओटा, कोणाच्या संडासाची भिंत. ती लेस सोडून त्या कामाला लागली. पहिल्यांदा थापी, ओळंबा आणि लेव्हल घेऊन घरी आली तेव्हा तिने ती अवजारं आतल्या खोलीत ठेवली नाहीत. पुढच्या खोलीत, येणाऱ्याला दिसतील अशी ठेवली.

पुढच्या हप्त्याच्या वेळी भटूमामांची वाट न बघता ती मला आणि काकूंना घेऊन कंपनीच्या कचेरीत गेली. रिंग रोडवर, लिफ्ट असलेल्या इमारतीत. काचेमागच्या बाईने विचारलं, "बिल्डिंगनोज वीमो?" फक्त घराचाच?

"घरनो बी, सामाननो बी," माय म्हणाली.

"सामानमां शुं शुं छे?" सामानात काय काय आहे?

मागे बरीच रांग होती. पंख्याखाली लोक कागदांनी वारा घेत होते. मायने माझ्याकडे वळून बघितलंही नाही. काउंटरवर दोन्ही हात टेकवले, काकूंना जवळ ओढून घेतलं, आणि घाई न करता, स्वयंपाकघरापासून सांगायला सुरुवात केली.